वास नेमका कशाचा?

नेदरलँड्समधील हार्लेमच्या टेलर्स संग्रहालयात मार्टिनस फान मारुम यांचे विद्युतयंत्र आजही आहे. त्याच्या काचेच्या दोन तबकड्यांचा व्यास प्रत्येकी १.६५ मीटर आहे. १७८५ साली छापलेल्या वर्णनात फान मारुम यांनी दोन गोष्टी नोंदवल्या. पाऱ्यावर कोंडलेल्या प्राणवायूतून ठिणग्या सोडल्यावर उग्र वास आला आणि पारा काळवंडला. वास त्यांनी विजेचाच मानला. वीज हे एक सूक्ष्म द्रव्य आहे अशी तेव्हाची समजूत असल्याने हा निष्कर्ष कोणालाच वावगा वाटला नसावा.

त्याच वर्षी हेन्री कॅव्हेंडिश यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीला कळवले की प्राणवायू आणि नत्रवायूच्या मिश्रणात ठिणग्या सोडल्या की नायट्रिक आम्ल तयार होते. पुढचा गोंधळ समजायला ही नोंद हाताशी हवी. हवेतून ठिणगी गेली, तर बदलतो तो नेमका कोणता वायू?

बाझेलच्या क्रिस्टियान शोनबाइन यांना १८३९ साली पाण्याच्या विद्युत अपघटनात तोच वास आढळला. पुढच्या वर्षी त्यांनी त्याला ग्रीक शब्दावरून ‘ओझोन’ हे नाव दिले. वास ओळखला, तरी त्यामागचा पदार्थ ओळखताना ते चाचपडत राहिले. आधी त्यांनी तो क्लोरीनच्या जातीचा मानला, मग तो नत्रवायूतून निघत असावा असे धरले. हा दुसरा तर्क १८४५ मध्ये जिनिव्हात निकाली निघाला. मारिन्याक आणि द ला रीव्ह यांनी शुद्ध, कोरड्या प्राणवायूतून ठिणग्या सोडून ओझोन मिळवला. नत्रवायूची गरजच नव्हती.

१८५७ मध्ये वेर्नर सीमेन्स यांनी तारायंत्राच्या तारांवरील एका लांबलचक लेखात ओझोनची नळी वर्णिली आहे. एकात एक बसवलेल्या दोन काचनळ्या, आतलीला आतून आणि बाहेरचीला बाहेरून कथिलाचा पातळ पत्रा, मधल्या फटीतून वाहणारा वायू. वीज इंडक्शन कॉइलमधून धक्क्याधक्क्याने यायची. वाटेत काच असल्याने प्रवाह सलग वाहू शकत नसे. प्रत्येक धक्क्याबरोबर फटीत मंद विसर्ग उमटे आणि विझे.

या मंद विसर्गाचे मोल १८६० मध्ये अँड्र्यूज आणि टेट यांच्या मोजमापांतून कळले. त्याने प्राणवायूचे आकारमान घटते आणि मग त्यातच ठिणग्या सोडल्या की घटलेले आकारमान बरेचसे भरून येते. जी वीज ओझोन घडवते, तीच ठिणगीच्या रूपात तो मोडतेही.

हे वाचून पुन्हा हार्लेमच्या नोंदीकडे वळावे. फान मारुम यांच्या नळीत ओझोन तयार झाला होता. काही ठिणग्यांनी मोडला असणार, काही पाऱ्याने शोषला. त्यांचा निष्कर्ष चुकला, पण काळवंडलेला पारा त्यांनी गाळला नाही. वास उडून गेला, पाऱ्याची साक्ष कागदावर राहिली. म्हणूनच आज त्यांची चूक आपल्याला दुरुस्त करता येते.