मँगनीजची स्फटिकरचना
मँगनीज हे दिसायला लोखंडासारखे, पण ठिसूळ असे धातुरूप मूलद्रव्य आहे. नागपूर जिल्ह्यातील मनसर, कांद्री व गुमगाव येथे त्याच्या धातुकाच्या खाणी आहेत. त्या चालवणाऱ्या मॉइल या सरकारी कंपनीचे मुख्यालयही नागपुरातच आहे. तरीही शुद्ध मँगनीजची वस्तू सहसा पाहायला मिळत नाही. याचे कारण त्याच्या स्फटिकरचनेत आहे.

तांबे व ॲल्युमिनियम यांची रचना पृष्ठकेंद्रित घनीय असते, म्हणजे घनाच्या कोपऱ्यांवर आणि प्रत्येक पृष्ठाच्या मध्यभागी अणू असतात. एका एकक कोशिकेच्या वाट्याला चार अणू येतात. अणूंचे दाट थर एकमेकांवरून सहज सरकतात, म्हणून या धातूंच्या तारा काढता येतात. सामान्य तापमानाला स्थिर असणाऱ्या अल्फा मँगनीजच्या कोशिकेत मात्र तब्बल ५८ अणू असतात. इतक्या गुंतागुंतीच्या मांडणीत थर सरकणे अवघड होते आणि घाव बसताच धातू तुटतो. सुमारे ७२७° से. तापमानाच्या वर २० अणूंचे बीटा रूप येते. तांब्यासारखे गॅमा रूप त्याहीपुढे, सुमारे ११००° से. वर मिळते.

पोलादात हाच धातू चिवटपणा आणतो. रॉबर्ट हॅडफिल्ड यांनी १८८२ मध्ये सुमारे १२ टक्के मँगनीज व १ टक्का कार्बन असलेले पोलाद तयार केले. ते तापवून पाण्यात झटपट थंड केल्यास लोखंडाची पृष्ठकेंद्रित रचना सामान्य तापमानालाही टिकते. सावकाश थंड केल्यास कार्बाइडे तयार होऊन ते ठिसूळ बनते. आघातांनी त्याचा पृष्ठभाग अधिकच कठीण होतो, आतला भाग चिवट राहतो. रेल्वेमार्गांची क्रॉसिंगे आणि खडी फोडणाऱ्या यंत्रांचे जबडे यापासून ओततात.