बॉम्बे रक्तगटाची कुळकथा

कार्ल लँडस्टायनर यांनी १९०१ साली व्हिएन्ना येथे मानवी रक्ताचे गट वेगळे करून दाखविले, आणि १९२४ साली गॉटिंगेनचे गणितज्ञ फेलिक्स बर्नस्टाइन यांनी हे गट एकाच जनुकाच्या तीन रूपांनी ठरतात असे सिद्ध केले. तेव्हापासून आनुवंशिकतेच्या क्रमिक पुस्तकांत रक्तगटाइतके सरळ व विश्वासपात्र उदाहरण दुसरे उरले नाही. एक जनुक आणि एक लक्षण, असा हा चोख हिशेब होता. ‘एबी’ गटाच्या पित्याला ‘ओ’ गटाचे अपत्य होणे असंभाव्य, या गृहीतावर न्यायालयांत पितृत्वाच्या फिर्यादींचे निकालही होऊ लागले.

या हिशेबातली पहिली मोठी खोट मुंबईत उघडकीस आली. डॉ. य. म. भेंडे यांच्यासमोर अशा काही व्यक्तींचे रक्त आले की, ज्यांच्या तांबड्या पेशी ‘ए’ व ‘बी’ या दोन्ही रक्तजलांशी उदासीन राहत, म्हणजे रूढ पद्धतीने त्यांच्या नावापुढे ‘ओ’ असाच शेरा पडावयाचा. परंतु त्यांच्याच रक्तजलाचा थेंब काचपट्टीवर घेऊन त्यात ‘ओ’ गटाच्या पेशी मिसळल्या की, एकसंध लाल दिसणारा तो थेंब पाहता पाहता फुटून त्याच्या तांबड्या गुठळ्या होत. ‘ओ’ रक्त सर्वांना चालते अशी ज्यांची पक्की समजूत होती, त्यांना हे दृश्य चमत्कारिकच वाटले असणार. भेंडे, देशपांडे व भाटिया यांनी लंडनच्या रेस, सँगर, मॉर्गन व वॉटकिन्स या तज्ज्ञांच्या सहकार्याने १९५२ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात या नव्या गटाची हकीकत प्रसिद्ध केली, आणि शोधाच्या गावाचे नाव त्याला चिकटले.

खरा उलगडा त्यानंतर झाला. १९५५ साली लेव्हाइन व त्यांचे सहकारी यांनी एका कुटुंबाचा अभ्यास करून दाखविले की, चाचणीत ‘ओ’ ठरलेली स्त्री आपल्या अपत्यास ‘बी’चा वारसा देऊ शकते; म्हणजे जनुक शाबूत होते, मात्र दुसऱ्या एका जनुकाच्या अभावी ते प्रकट होत नव्हते. त्याचे कारण रसायनात आहे. तांबड्या पेशीवरील शर्करासाखळीच्या टोकास फ्यूकोज नावाची शर्करा जोडून ‘एच’ द्रव्य घडविण्याचे काम या दुसऱ्या, ‘एच’ नावाच्या जनुकाचे विकर करते, आणि त्यावर ‘ए’ किंवा ‘बी’ची विकरे आपापली शर्करा चढवितात; खुंटीच नसेल तर अंगरखा टांगावयाचा कोठे? ‘एबीओ’ जनुक नवव्या गुणसूत्रावर, तर ‘एच’ जनुक एकोणिसाव्यावर. इतक्या दूरच्या जागेवरून हुकूम सुटतो आणि लक्षण बदलते. मुंबईच्या मूळ प्रकारात तर ‘एच’च्या शेजारचे, लाळेतील ‘एच’ द्रव्याचे नियमन करणारे जनुकही गळालेले असते. ते शाबूत असले तर रक्त ‘बॉम्बे’सारखे दिसते, पण लाळ निराळी साक्ष देते.

येथे एक दाखला मला विशेष बोलका वाटतो. मुंबईतील या गटाची माणसे निरोगी असतात; त्यांना गैरसोय होते ती केवळ रक्ताची गरज पडते तेव्हा. परंतु १९९२ साली इस्राएलमधील हैफा येथे याच रक्तगटाच्या दोन मुलांत वारंवार होणारे तीव्र जंतुसंसर्ग, खुंटलेली वाढ व बौद्धिक मांद्य आढळले. त्यांचे ‘एच’ जनुक दोषी नव्हते. फ्यूकोजची पेशीअंतर्गत ने-आण करणाऱ्या तिसऱ्याच एका जनुकात बिघाड होता, त्यामुळे श्वेतपेशींनाही ती शर्करा मिळेना आणि संसर्गाच्या जागी त्या पोहोचेनात. काचपट्टीवरील गुठळी तीच, पण एका घरी केवळ रक्तपेढीची अडचण आणि दुसऱ्या घरी गंभीर व्याधी. ‘अमुक लक्षणाचे जनुक’ असा निःशंक प्रयोग करणाऱ्यांनी या दोन घरांचा खुलासा आधी करावा.

भारतात सुमारे दहा हजारांत एक व्यक्ती या गटाची असते. तिला रक्त चालते ते केवळ याच गटाचे. म्हणून आपल्या ‘ओ’ गटाच्या रक्ताची जुळवणी इतर ‘ओ’ दात्यांशी होत नाही असे आढळले, तर ‘एच’ चाचणी अवश्य करून घ्यावी, आणि गट ‘बॉम्बे’ निघाल्यास सख्ख्या भावंडांचीही तपासणी करावी. त्यांच्यातही तोच गट असण्याचा संभव साधारणतः चारांत एक असतो.