मुझुमदार, अमोल अनिल
(११ नोव्हेंबर १९७४ – ). भारतीय क्रिकेटपटू व प्रशिक्षक. मुंबईच्या रणजी संघाचे माजी कर्णधार आणि २०२५ चा विश्वचषक जिंकणाऱ्या भारतीय महिला संघाचे मुख्य प्रशिक्षक.

खारच्या बीपीएम हायस्कूलमधून ते दादरच्या शारदाश्रमात आले आणि रमाकांत आचरेकरांच्या तालमीत घडले. फेब्रुवारी १९८८ मध्ये हॅरिस शील्ड या शालेय स्पर्धेच्या उपांत्य सामन्यात तेंडुलकर-कांबळी जोडीने ६६४ धावांची अभेद्य भागी केली, तेव्हा पुढचा फलंदाज म्हणून पॅड बांधून बसले होते मुझुमदार. त्यांची पाळी आलीच नाही. १९९३-९४ च्या हंगामात फरिदाबादला हरियाणाविरुद्ध प्रथम श्रेणी पदार्पणातच त्यांनी २६० धावा केल्या. हा तेव्हाचा जागतिक विक्रम होता. १७१ सामन्यांत ११,१६७ धावा आणि ३० शतके करूनही तेंडुलकर, द्रविड, गांगुली, लक्ष्मण यांच्या काळात भारताच्या मधल्या फळीत त्यांना जागा मिळाली नाही. 'भारताकडून न खेळलेला मोठा फलंदाज' एवढीच त्यांची ओळख सांगणे मात्र अन्यायाचे आहे.

त्यांचा खरा पिंड दिसतो तो २००६-०७ च्या रणजी हंगामात. मुंबईने पहिले तिन्ही सामने गमावले होते. पुढे बडोद्याविरुद्धच्या उपांत्य सामन्यात, दुसऱ्या डावात, एकही धाव फलकावर लागण्याआधी पाच गडी बाद झाले. मुंबईने तो सामनाही जिंकला आणि अंतिम फेरीत बंगालला हरवून करंडक उचलला. कर्णधार मुझुमदार होते. नंतर ते आसाम व आंध्रकडून खेळले आणि २०१४ मध्ये निवृत्त झाले.

राजस्थान रॉयल्सचे फलंदाजी प्रशिक्षक म्हणून काम केल्यानंतर २०२१ मध्ये ते मुंबईचे प्रशिक्षक झाले. २०२२ चा रणजी अंतिम सामना मुंबईने गमावला. तो जिंकणाऱ्या मध्य प्रदेशचे प्रशिक्षक मुंबईचेच चंद्रकांत पंडित होते. त्याच वर्षी मुंबईने सय्यद मुश्ताक अली करंडक प्रथमच जिंकला.

ऑक्टोबर २०२३ मध्ये महिला संघाची सूत्रे त्यांच्याकडे आली. त्या डिसेंबरात इंग्लंड आणि ऑस्ट्रेलियाला कसोटीत हरवणारा हा संघ २०२४ च्या टी-ट्वेंटी विश्वचषकात मात्र साखळीतच बाद झाला. २०२५ च्या विश्वचषकात पुन्हा सलग तीन पराभव वाट्याला आले. इंदूरला इंग्लंडविरुद्धचा हातातला सामना ४ धावांनी गेला. त्या रात्री मुझुमदारांनी खेळाडूंना खडे बोल सुनावले. कर्णधार हरमनप्रीत कौरने ते मनापासून स्वीकारले आणि पुढे तसे जाहीरपणे सांगितलेही. उपांत्य सामन्यात ऑस्ट्रेलियाने ३३९ धावांचे लक्ष्य दिले, तेव्हा प्रतिस्पर्ध्यापेक्षा एक धाव जास्त हवी, एवढेच त्यांनी फळ्यावर लिहिले. भांडुपमध्ये बालपण गेलेल्या जेमिमा रॉड्रिग्जच्या नाबाद १२७ धावांनी ते लक्ष्य गाठले गेले. महिलांच्या एकदिवसीय क्रिकेटमधला हा सर्वांत मोठा यशस्वी पाठलाग ठरला. २ नोव्हेंबर रोजी नवी मुंबईच्या डी. वाय. पाटील स्टेडियमवर दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून, २००५ आणि २०१७ च्या अंतिम फेरीत हुकलेला चषक भारतीय महिलांनी प्रथमच जिंकला.