वरच्या वर्गाची पायरी

आमच्या लोणंदच्या कांदा बाजारात माल विकला की अडत्याकडून शेतकऱ्याच्या हाती पट्टी पडते. वजन, भाव, हमाली, तोलाई सारे त्या कागदावर असते. ज्याला ती वाचता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या तोंडाकडे पाहावे लागते. म्हणून मुलाला वाचता येते की नाही, हा प्रश्न निव्वळ गुणपत्रिकेचा नव्हे. तथापि ज्याला वाचता येत नाही त्याला वरच्या वर्गात बसवावे काय, हा वाद जुना आहे.

१८६२ साली इंग्लंडात नियम निघाला. सरकारी तपासनीस शाळेत येई, मुलांचे वाचन, लेखन व गणित पाही, आणि मुले उत्तीर्ण होतील त्या मानाने शाळेला पैसे मिळत. मास्तरांनी काय करावे? त्यांनी मुलांकडून पुस्तकच पाठ करून घेतले! स्वतः तपासनीस असलेला कवी मॅथ्यू आर्नल्ड या पद्धतीवर सतत टीका करीत राहिला. शतक संपण्यापूर्वी ती बंद पडली.

आपल्याकडे १८८२ साली जोतीराव फुल्यांनी हंटर आयोगापुढे निवेदन दिले. त्यांच्या घराण्याचे मूळ गाव कटगुण, याच सातारा जिल्ह्यातले. मुलांना बालबोध व मोडी लिहिता-वाचता यावे, हिशेब यावा, शेतीचेही थोडे ज्ञान असावे, असे त्यांनी मांडले. पण तेवढ्यावर ते थांबले नाहीत. निदान बारा वर्षांपर्यंत शिक्षण सक्तीचे करा आणि शिक्षकाला चांगला पगार द्या, असेही त्यांनी बजावले. मुलाकडून मागण्याआधी सरकारने काय द्यावे, याचा तो हिशेबच होता.

पुढे १९५९ साली सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम सुरू झाली. तिची खुबी मला फार मोलाची वाटते. निरक्षर प्रौढ साक्षर झाले म्हणजे ग्रामगौरव समारंभ होई; मान एकट्याचा नसे, साऱ्या गावाचा असे. साहजिकच शेजाऱ्याचे न वाचणे ही आपलीच उणीव ठरे.

शिक्षणहक्काचा कायदा २००९ चा. तो २०१० साली अमलात आला आणि आठवीपर्यंत कोणाला मागे ठेवायचे नाही असे ठरले. २०१९ साली त्यात दुरुस्ती झाली. २०२३ साली महाराष्ट्राने पाचवी व आठवीला वार्षिक परीक्षा आणली. नापास झालेल्याला पुन्हा एक संधी मिळते; तीही हुकली तर तो त्याच वर्गात राहतो.

परीक्षा नको असे मी म्हणत नाही. न वाचणाऱ्याला नुसते पुढे ढकलणे हीदेखील फसवणूकच. परंतु निकाल आणि फेरपरीक्षा यांच्या मधल्या दिवसांत त्या मुलाजवळ कोण बसले, हे कोणत्या गुणपत्रिकेत लिहिलेले असते? मागे राहिलेले पोर पुष्कळदा शाळेतूनच नाहीसे होते.

वाचकहो, सुटीचे दिवस आहेत. हा अंक घरातल्या, नाहीतर शेजारच्या, पाचवीतल्या मुलाच्या हाती द्या. अक्षर अडले तर रागावू नका. जवळ बसा आणि पुढची ओळ त्यालाच वाचू द्या.