न्यू इंग्लिश स्कूल : मूळ हेतु, कामगिरी व दप्तर

सनदा, महजर, वतनपत्रें व राजकीय पत्रव्यवहार यांचा शोध करण्यांत आम्हां संग्राहकांचें आयुष्य जातें, व तें योग्यच आहे. परंतु पेशवाईनंतरच्या महाराष्ट्राचें मन ज्या संस्थांनीं घडविलें, त्यांच्या कागदांविषयीं तितकीच आस्था आम्हीं बाळगली आहे असें म्हणवत नाहीं. शाळांचा इतिहास म्हणजे नामांकित विद्यार्थ्यांची यादी, अशी समजूत होऊन बसली आहे. शाळेची खरी ओळख कोठें शोधावी, याचा विचार पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलच्या उदाहरणानें येथें करावयाचा आहे.

विष्णुशास्त्री चिपळूणकर यांनीं १८७९ सालीं सरकारी नोकरी सोडली आणि १८८० च्या जानेवारींत ही शाळा निघाली. बाळ गंगाधर टिळक व महादेव बल्लाळ नामजोशी हे त्यांचे आरंभींचे सहकारी. वामन शिवराम आपटे त्याच वर्षीं, व गोपाळ गणेश आगरकर १८८१ सालीं येऊन मिळाले. त्या वेळीं पुण्यांत शाळांची वाण नव्हती. सरकारी हायस्कूल होतें, मिशनच्या शाळा होत्या, पूना नेटिव्ह इन्स्टिट्यूशनसारखी खासगी शाळाही होती. नवें होतें तें हें कीं, सरकारी नोकरीची वाट मोकळी असतां पदवीधर तरुणांनीं अल्प वेतनावर शिकविण्याचें व्रत आपण होऊन पतकरलें.

या व्रताची परीक्षा लवकरच झाली. १८८२ च्या मार्चमध्यें चिपळूणकर निवर्तले. त्याच वर्षीं कोल्हापूर प्रकरणीं टिळक व आगरकर यांस डोंगरीच्या तुरुंगांत १०१ दिवस काढावे लागले. तरीही शाळा खचली नाहीं. शिक्षण आयोगाचे अध्यक्ष हंटर यांनीं १८८२ सालींच शाळा पाहून तिची प्रशंसा केली. शाळा एका पुरुषावर नव्हे, तर एका करारावर उभी होती, हाच निष्कर्ष यावरून निघतो.

तो करार २४ ऑक्टोबर १८८४ रोजीं डेक्कन एज्युकेशन सोसायटीच्या रूपानें पक्का झाला. शिक्षण सुलभ व स्वस्त करावें हा संस्थेचा हेतु. आजीव सभासदानें वीस वर्षें सेवा करावी, असा नियम होता. लगोलग २ जानेवारी १८८५ रोजीं फर्ग्युसन कॉलेज सुरू झालें. म्हणजे सुधारणेचा संकल्प केवळ भाषणांत राहिला नाहीं.

मूल्यें ही शोभेची वस्तु नसून जमाखर्चाची बाब आहे, हें १८९० च्या वादावरून कळतें. सभासदानें बाहेरचीं कामें करावींत कीं नाहींत, पोटापुरत्या वेतनाखेरीज अन्य प्राप्ति घ्यावी कीं नाहीं, या प्रश्नांवर मतभेद विकोपास गेला. गोपाळ कृष्ण गोखले यांनीं सार्वजनिक सभेचें चिटणीसपद स्वीकारलें, हें त्यास तात्कालिक निमित्त झालें. टिळकांच्या मतें मूळ तत्त्व ढळत होतें. शाळेचें काम चोख बजावल्यावर उरलेला वेळ सभासदाचा, असें प्रतिपक्षाचें म्हणणें होतें. शेवटीं टिळक संस्थेंतून बाहेर पडले. त्यांचा विस्तृत राजीनामा पुढें व्यक्तींच्या कलहाचा पुरावा म्हणून फार वाचला गेला. आमच्या मतें तो शाळेच्या घटनेवरील भाष्य म्हणून वाचणें अधिक फलदायी आहे. आपली ओळख काय, या प्रश्नावर शिक्षकांनींच इतक्या बारकाईनें वाद घालावा, हें त्या ओळखीच्या जिवंतपणाचेंच लक्षण होय.

आज ही शाळा रमणबागेंत चालू आहे. शाळांनीं आपलीं ध्येयें व सुधारणेच्या योजना लेखी मांडाव्यात, अशी अपेक्षा आतां सर्वत्र केली जाते. असा लेख करणाऱ्यांनीं प्रथम आपलेंच जुनें दप्तर उघडावें. हजेरीपटावरून मुलें कोणत्या पेठेंतून येत हें कळतें, फीच्या वहीवरून स्वस्ताईचें वचन कितपत पाळलें हें कळतें, आणि सभांच्या इतिवृत्तांवरून कोणता विचार कोणीं व कां सोडला हें कळतें. गौरवग्रंथांतून या गोष्टी क्वचितच हातीं लागतात.

संग्राहकांस आमची विनंती इतकीच कीं, जुन्या वाड्यांतील रुमाल सोडतांना शाळेचा वार्षिक अहवाल, प्रगतिपत्रक किंवा फीची पावती आढळल्यास ती रद्दींत टाकूं नये. तिजवर सांपडल्याचें स्थळ व तारीख नोंदवून ती वेगळी बांधून ठेवावी. शंभर वर्षांपूर्वींच्या शाळेचें असें चिटोरें हें त्या काळच्या घरांचेंही दप्तर आहे.