ट्रेलर उचलणे (चाकांच्या देखभालीसाठी)

ट्रेलर उचलणे : चाक बदलणे, बेअरिंगला ग्रीस भरणे किंवा ब्रेकचे लायनर तपासणे यासाठी कंटेनरवाहू अर्धट्रेलरचे चाक जमिनीपासून सुटे करण्याची क्रिया. अशा ट्रेलरला पुढची चाके नसतात. त्याचे पुढचे टोक ओढणाऱ्या गाडीच्या (वाहतूकदारांच्या बोलीत घोड्याच्या) पाठीवरील फिफ्थ व्हील या तबकडीवर टेकते आणि खालचा किंगपिन तिच्यात अडकतो. उरलेला भार मागच्या दोन किंवा तीन ॲक्सलवर असतो. १९८९ मध्ये न्हावा-शेवा बंदर सुरू झाले, पुढे भिवंडीभोवती काल्हेर, पूर्णा, माणकोली, दापोडे या गावांत गोदामे उभी राहिली, आणि शिळफाटा, मुंब्रा बायपास, कल्याण-शीळ रस्ता हे ट्रेलरांचे नेहमीचे मार्ग झाले. टायर बसला की तो बदलला जातो तो बहुधा या रस्त्यांच्या कडेला, पंक्चरच्या टपरीसमोर. तिथे मदतनीस पहिला प्रश्न विचारतो तो जॅक किती टनांचा, हा. प्रस्तुत नोंदीचे प्रतिपादन असे, की हा प्रश्न दुय्यम आहे. जॅकखाली काय आहे आणि चाक उचलल्यावर भार कशावर ठेवला, या दोन गोष्टींवर माणसाचा जीव अवलंबून असतो.

आधी आकडे पाहू. केंद्र सरकारने २०१८ मध्ये वाढवलेल्या मर्यादेनुसार ट्रेलरच्या तीन ॲक्सलच्या गटावर २७ टन भार चालतो. म्हणजे एका ॲक्सलवर ९ टन आणि त्याच्या एका टोकाला साडेचार टन. बॉटल जॅकचा तळ साधारण १५ सेंटिमीटर लांब-रुंद, म्हणजे २२५ चौरस सेंटिमीटर धरला, तर साडेचार टनांचा दाब जमिनीवर दर चौरस सेंटिमीटरला २० किलो पडतो. टायरमधील हवेचा दाब सुमारे ८ किलो असतो आणि टायर जमिनीवर जवळपास तेवढाच दाब देतो. जी जमीन टायर बिनतक्रार पेलते ती जॅकखाली खचते, ती या अडीचपट दाबामुळे. तोच जॅक ४५ सेंटिमीटर चौरस, न वाकणाऱ्या जाड बैठकीवर ठेवला तर दाब सव्वादोन किलोंवर येतो. रेल्वेच्या जुन्या लाकडी स्लीपरचे तुकडे आडवे-उभे दोन थरांत रचले तरी अशी बैठक तयार होते. पातळ फळी मात्र मधोमध वाकते आणि भार पुन्हा जॅकच्या तळाएवढ्या जागेत एकवटतो. जॅक २० टनांचा असो की ५० टनांचा, या हिशेबात काही बदलत नाही.

हा मुद्दा ठाणे-कल्याण पट्ट्यात अधिकच लागू पडतो. खाडीलगतच्या खारेगाव, काल्हेर, माणकोली भागात मूळ जमीन चिखलाची असून रस्त्याची कड भरावाची आहे. ठाणे जिल्ह्यात वर्षाला अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तोही जवळजवळ सगळा चार महिन्यांत. पावसाळ्यात पेव्हर ब्लॉकखालची वाळू वाहून जाते. वरून फरशी साबूत दिसते, पण जॅकवर भार येताच एक ब्लॉक तिरका होतो, जॅकचा दांडा कलतो आणि ॲक्सल त्यावरून घसरतो. मुंब्रा बायपासच्या चढावर यात उताराची भर पडते. तिथे चाक उचलणे टाळून, टायर अगदीच फाटलेला नसेल तर, संथ गतीने सपाट जागेपर्यंत जाणे बरे. टायर वाया जाईल, पण माणूस वाचेल.

जॅक कुठे लावावा, याबाबत घोटाळा होतो. अमेरिकेत राहण्याचे घर असलेले फिफ्थ व्हील ट्रेलर ओढून नेतात. त्यांचे ॲक्सल हलके, नळीसारखे असल्यामुळे अनेक उत्पादक ॲक्सलखाली जॅक लावू नका, चौकटीखाली लावा, असे बजावतात. तोच सल्ला मालवाहू ट्रेलरला लावणे धोक्याचे आहे. चौकट उचलली तर पाट्यांची स्प्रिंग ताण सोडत खाली लोंबते, चाक सुटेपर्यंत जॅक फार वर न्यावा लागतो आणि एका बाजूचा साडेतेरा टनांपर्यंतचा भार एकट्या जॅकवर येतो. मालवाहू ट्रेलरचा ॲक्सल जाड पोलादाचा असतो. जॅक त्याखाली, स्प्रिंगच्या बैठकीजवळ लावावा आणि टायर जमिनीपासून दोन-तीन सेंटिमीटर सुटला की थांबावे.

ट्रेलर घोड्याला जोडलेलाच ठेवावा. ट्रेलरचे पुढचे आधारपाय घोड्यापासून सोडून उभ्या केलेल्या ट्रेलरला टेकू देण्यासाठी असतात, मागून चाक उचलताना येणारा आडवा रेटा सोसण्यासाठी नव्हे. उचललेल्या चाकाचा ब्रेक निरुपयोगी होतो, म्हणून उरलेल्या चाकांना पुढून-मागून ठोकळे हवेत. डोंबिवली एमआयडीसीकडे येणारा टँकर अर्धा भरलेला असेल तर अधिक जपावे, कारण आतील द्रव सखल बाजूला सरकून भार बदलतो. जोडटायरमधला एक बसला तर दुसऱ्याखाली फळी घालून, जॅकशिवायच काम उरकण्याची रीत आहे. पण दोन्ही चाके एकाच नटांनी आवळलेली असतील, तर भार पेलणारे चाकही त्याच वेळी सैल होते; तिथे ही रीत टाळून जॅकच वापरावा. नट सोडण्याआधी दोन्ही टायरमधली हवा पूर्ण काढावी. टायरला रिमवर रोखणारी लॉक रिंग असलेल्या चाकावर तर यात अजिबात सूट नाही, कारण तडकलेली रिंग नट सुटताच उडते.

जॅक हे उचलण्याचे साधन आहे, तोलून धरण्याचे नव्हे. आतली रबरी सील झिजली की तेल हळूहळू झिरपते आणि जॅक बसतो. म्हणून चाक उचलताच ॲक्सलखाली स्टँड किंवा ठोकळ्यांची चळत लावून भार तिच्यावर उतरवावा. अमेरिकेच्या ओशा या कामगार सुरक्षा संस्थेच्या जॅकविषयक नियमात हेच दोन मुद्दे आहेत : पाया भक्कम नसेल तर जॅकखाली ठोकळा द्यावा, आणि भार उचलल्यावर तो ताबडतोब आधारावर घ्यावा.

यावर पहिला आक्षेप वेळेचा असतो. ठाण्यात अवजड वाहनांना ठरावीक वेळीच प्रवेश मिळतो, ती वेळ चुकली तर फेरी बुडते. आक्षेप खरा आहे, पण बैठक आणि स्टँड लावायला लागणारी मिनिटे टायर सोडवायला लागणाऱ्या वेळेपुढे थोडी असतात. शिवाय वेळ वाचवायला जागच्या जागी चाक बदलावे, तर रस्त्यात गाडी धोकादायक रीतीने उभी करण्यास मोटार वाहन कायद्याचे १२२ वे कलम मनाई करते. ‘इतकी वर्षे नुसत्या जॅकवर केले, काही झाले नाही’ हा आक्षेप अधिक खोलवर रुजलेला आहे. परंतु जे निभावले ते कोरड्या, घट्ट जमिनीमुळे आणि रिकाम्या ट्रेलरमुळे. भरलेला ट्रेलर आणि ओली कड एकत्र आली की त्या अनुभवाचा आधार सुटतो. तिसरा आक्षेप गरिबीचा, आणि तो सर्वांत वजनदार आहे. टपरीवाल्याने स्टँड कशातून घ्यावा? याचे उत्तर टपरीवाल्याकडे मागणे अन्यायाचे आहे. मालाचा नफा ज्यांच्याकडे जातो, त्या गोदाममालकांनी आणि वाहतूक कंपन्यांनी प्रत्येक आवारात काँक्रीटची एक सपाट जागा, दोन स्टँड आणि चार ठोकळे राखून ठेवावेत, आणि चालकाला तिथे विनाशुल्क चाक बदलू द्यावे.