लोकम कन्सल्टंट (श्वसनविकार)

लोकम कन्सल्टंट हे ब्रिटनच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेतील (एनएचएस) तात्पुरते वरिष्ठ वैद्यकीय पद आहे. कायम कन्सल्टंटची जागा रिक्त असल्यास किंवा तो दीर्घ रजेवर गेल्यास रुग्णालय ठरावीक मुदतीसाठी दुसऱ्या डॉक्टरची नेमणूक करते. प्रस्तुत लेख श्वसनविकार विभागातील अशा पदाविषयी आहे.

'लोकम' हे 'लोकम टेनेन्स' (जागा सांभाळणारा) या लॅटिन शब्दप्रयोगाचे संक्षिप्त रूप होय. महाराष्ट्रातील डॉक्टरांच्या बोलण्यातही हा शब्द आढळतो. तेथे मात्र त्याचा अर्थ बहुधा रजेवरील डॉक्टरचा दवाखाना काही दिवस चालवणे एवढाच असतो.

नेमणूक

इंग्लंडमध्ये १९९६ च्या नियमांनुसार कायम कन्सल्टंटची निवड समितीमार्फत होते व त्याचे नाव जनरल मेडिकल कौन्सिलच्या तज्ज्ञ नोंदवहीत असावे लागते. लोकमसाठी नोंदवहीची ही अट बंधनकारक नाही. नेमणूक प्रथम जास्तीत जास्त ६ महिन्यांसाठी होते. कामाचा आढावा घेऊन ती आणखी ६ महिन्यांपर्यंत वाढवता येते. फाउंडेशन ट्रस्ट प्रकारच्या रुग्णालयांवर हे नियम बंधनकारक नाहीत. अनेक लोकम एजन्सीमार्फत येतात. त्यांच्यावरील खर्च वाढल्याने नोव्हेंबर २०१५ पासून एजन्सीच्या दरांवर कमाल मर्यादा घालण्यात आली.

कामाचे स्वरूप

पद तात्पुरते असले तरी जबाबदारी तात्पुरती नसते. वॉर्डातील रुग्ण त्याच्या नावावर दाखल असतात आणि अंतिम निर्णय त्याचाच असतो. दमा, सीओपीडी, क्षयरोग व फुप्फुसाचा कर्करोग यांची बाह्यरुग्ण तपासणी, ब्राँकोस्कोपी, फुप्फुसावरणात साचलेले पाणी काढणे, तसेच रक्तात कार्बन डायऑक्साइड साठलेल्या रुग्णास मास्कद्वारे यंत्राने श्वास देण्याचा निर्णय ही नेहमीची कामे होत. अनेक ठिकाणी तातडीने दाखल होणाऱ्या सर्वसाधारण रुग्णांची पाळीही करावी लागते. हे सर्व अपरिचित संगणकप्रणाली व अनोळखी सहकाऱ्यांसह, बहुधा पहिल्या दिवसापासूनच करायचे असते.

सातत्याचा प्रश्न

श्वसनविकारांत हा प्रश्न विशेष गंभीर आहे, कारण येथील निदान व उपचार महिनोन्‌महिने चालतात. ब्रिटिश थोरॅसिक सोसायटीच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार फुप्फुसातील ६ ते ८ मिमी आकाराच्या घन गाठीचे सीटी स्कॅन ३ महिन्यांनी पुन्हा करावे लागते. क्षयजंतूंच्या कल्चरचा अहवाल यायला कित्येक आठवडे लागू शकतात आणि क्षयरोगाचा नेहमीचा उपचारच ६ महिन्यांचा, म्हणजे लोकमच्या पहिल्या मुदतीइतका असतो. साहजिकच तपासणी सांगणारा डॉक्टर अहवाल येईपर्यंत निघून गेलेला असू शकतो. अहवाल त्याच्याच नावे आला आणि कोणी उघडला नाही, तर वाढणारी गाठ नजरेतून सुटते. रुग्ण मात्र 'काही असते तर कळवले असते' अशा समजुतीत राहतो. म्हणून जाण्यापूर्वी प्रलंबित तपासण्यांची यादी करून प्रत्येक रुग्ण एखाद्या कायम कन्सल्टंटच्या नावे लेखी सोपवणे आणि रुग्णाच्या जनरल प्रॅक्टिशनरला पत्राने पुढील तपासणीचा महिना कळवणे आवश्यक ठरते.